चेहरा रोमचा, पाठ कुणाची?

विदर्भातल्या जुन्या गावांत जमिनीचे दोन रंग ओळखले जातात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. एकाच जागी शेकडो वर्षं घरं उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली की राख, शेण, कूड, मातीच्या भिंती असं सगळं एकावर एक साचत जातं आणि जमीन फिकट, भुरभुरीत होते. वर्धा जिल्ह्यात वर्धा, धाम, बोर, वेणा या नद्यांच्या काठाने हिंडलं की ओसाड पडलेली अशी टेकाडं दिसतात. त्यांची माती भिंतीला चांगली आणि शेताला खत म्हणूनही चांगली, म्हणून ती पिढ्यानपिढ्या गाडीने, आणि आता ट्रॅक्टरने वाहून नेली जाते. मातीबरोबर कधी मणी येतो, कधी खापर, कधी नाणं.

नाणं तांब्याचं असलं तर ते मुलांच्या खेळण्यात जातं. चांदीचं असलं तर घरातल्या मोठ्यांच्या हातात जातं. आणि त्या चांदीच्या नाण्यावर माणसाचा चेहरा असला तर गावातलं कुणीतरी शिकलेलं माणूस हमखास म्हणतं, ‘हे रोमन दिसतंय.’

तसं वाटणं स्वाभाविक आहे. चेहऱ्याचं नाणं आपल्याला परक्याचं वाटतं. राणीछाप रुपया इंग्रजांचा. गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेचा मूळ नमुना व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचा. त्यावरच्या मानवी आकृत्यांमुळे आपल्या लोकांनी त्याला ‘पुतळी’ म्हटलं. शिवरायांच्या होनावर आणि शिवराईवर अक्षरं आहेत, मुघलांच्या रुपयावर अक्षरं आहेत. त्यामुळे नाकेला, केस वळवलेला, उजवीकडे पाहणारा चेहरा दिसला की आपण तो समुद्रापलीकडचा ठरवून मोकळे होतो.

पण प्राचीन महाराष्ट्रात चेहऱ्याची नाणी इथेच, इथल्याच राजांनी, मोठ्या संख्येने पाडली होती. म्हणून ‘हे रोमन आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर चेहऱ्याकडे पाहून देता येत नाही. ते द्यायला नाणं उलटावं लागतं, तोलावं लागतं, त्याच्या कडेची अक्षरं बघावी लागतात. आणि त्याहून महत्त्वाचं, ते कुठून आलं हे विचारावं लागतं.

खरं रोमन नाणं कसं असतं

रोमन साम्राज्याच्या चांदीच्या नाण्याचं नाव देनारियस. आपल्या संस्कृतातला ‘दीनार’ हा शब्द त्यावरूनच आला. गुप्तकाळातल्या लेखांत तो सोन्याच्या नाण्यासाठी येतो आणि अरब देशांच्या चलनात आजही जिवंत आहे. ग्रीकांच्या ‘द्राख्मा’चं आपल्याकडे ‘द्रम्म’ झालं आणि त्यातून ‘दाम’ व ‘दमडी’ आले. रोजच्या बोलण्यात आपण दोन हजार वर्षांपूर्वीचं परकीय चलन वापरतो आहोत, हे सहसा लक्षात येत नाही.

सम्राट ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडातून 84 देनारियस पाडले जात. म्हणजे नाण्याचं अपेक्षित वजन 3.9 ग्रॅमच्या आसपास. वापरून झिजलेलं नाणं 3.6 ते 3.8 ग्रॅम भरतं. व्यास साधारण 18 ते 19 मिलिमीटर, म्हणजे आपल्या आजच्या छोट्या नाण्यांपेक्षाही लहान. चांदी जवळजवळ शुद्ध. इसवी सन 64 च्या सुमाराला नीरोने हे मान बदललं. एका पौंडातून 96 नाणी पाडायला सुरुवात झाली आणि चांदीत तांबंही मिसळलं गेलं. भारतात मिळालेल्या देनारियसच्या निधींमध्ये नीरोच्या या बदलाआधीची नाणी फार मोठ्या प्रमाणात आहेत. इथला व्यापारी चेहरा पाहून नाणं घेत नव्हता, धातू पाहून घेत होता.

त्यातही भारतात दोन प्रकार पुन्हा पुन्हा मिळतात. ते लक्षात ठेवले तर निम्मं काम होतं.

पहिला ऑगस्टसचा. पुढच्या बाजूला पानांचा मुकुट घातलेला सम्राटाचा चेहरा, उजवीकडे पाहणारा. मागे दोन तरुण समोर तोंड करून उभे, मध्ये दोन गोल ढाली आणि भाले, वर यज्ञकर्माची दोन उपकरणं. हे तरुण म्हणजे गायस आणि लुशियस, ऑगस्टसचे नातू. त्याने त्यांना दत्तक घेऊन वारस नेमलं होतं. इसवी सन पूर्व 2 पासून आजच्या फ्रान्समधल्या लियों इथे ही नाणी पाडली गेली. लुशियस इसवी सन 2 मध्ये मेला, गायस 4 मध्ये. गादी दोघांनाही मिळाली नाही, पण त्यांची चित्रं असलेली नाणी कोइंबतूरच्या परिसरापर्यंत पोचली.

दुसरा तिबेरियसचा. ऑगस्टसनंतर इसवी सन 14 ते 37 या काळात तो सम्राट होता. याच्या नाण्यावर पुढे त्याचा चेहरा आणि मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात दंड, दुसऱ्या हातात डहाळी. भोवती दोनच शब्द, ‘पोंटिफ मॅक्झिम’, म्हणजे मुख्य पुरोहित. बायबलमध्ये ‘सीझरचं ते सीझरला द्या’ हा प्रसंग ज्या नाण्यावरून घडतो ते हेच असावं, असं मानतात.

दोन्ही नाण्यांवर अक्षरं लॅटिन, ठसठशीत, सलग. शब्दांमध्ये जागा कमी, पण अक्षरं एकसारखी आणि अर्थपूर्ण. आजच्या इंग्रजीतलं ‘यू’ त्यात नाही, त्याच्या जागी ‘व्ही’ येतो. ‘ऑगस्टस’मध्ये हे स्पष्ट दिसतं. कडेची अक्षरं नाण्याबाहेर अर्धवट गेलेली असली तरी जी उरली आहेत ती वाचता येतात. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आणखी एक खूण. रोमन नाणं ठशावर ठोकून पाडलेलं असतं, ओतलेलं नाही. म्हणून त्याचा काठ थोडा फाटलेला, आकार किंचित वाकडा आणि उठाव धारदार असतो. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि काठावर कधी कधी सांध्याची रेघ फिरते. पर्यटनस्थळी आणि जुन्या बाजारात विकली जाणारी बरीचशी ‘रोमन’ नाणी अशी ओतीव असतात. पांढरीच्या मातीतून थेट आलेल्या नाण्याबद्दल ही शंका कमी असते, पण ‘मातीतून आलंय’ हे सांगणारा माणूस जर ते विकायला आला असेल तर ती शंका पुन्हा उभी राहते.

मग ही नाणी आपल्याकडे का कमी?

देनारियसचे मोठे निधी मिळाले ते दक्षिणेत. तमिळनाडूत कोइंबतूरजवळच्या वेल्लालूरला, तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीला. अक्कनपल्लीच्या एकाच निधीत दीड हजारांहून जास्त नाणी होती. महाराष्ट्रात मात्र रोमन नाणी तुरळक मिळतात. याचा अर्थ रोमशी व्यापार दक्षिणेतच होता आणि इथे नव्हता, असा कुणी काढला तर तो चुकेल.

पहिल्या शतकाच्या मध्यात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात भडोच बंदराचं वर्णन आहे. पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर, असं तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून नाना प्रकारचं कापड गाड्यांमधून भडोचला येई. भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत त्याने रोमन सोन्या-चांदीची नाणीही घातली आहेत आणि स्थानिक चलनाशी ती बदलली की काही नफा मिळतो, असं लिहिलं आहे. आणखी एक बारीक नोंद त्याने केली आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर या जुन्या यवन राजांचे द्राख्मे भडोचच्या बाजारात तेव्हाही चालत होते.

म्हणजे रोमची चांदी इथे येत होती, आणि ती बदलली जात होती. बदलल्यावर तिचं काय झालं?

त्या वेळी भडोचवर आणि उत्तर महाराष्ट्राच्या बऱ्याच भागावर क्षहरात क्षत्रप नहपानाचा अंमल होता. पेरिप्लसमध्ये त्याचं नाव थोडं मोडून आलेलं आहे. नहपानाने चांदीची नाणी प्रचंड संख्येने पाडली. पश्चिम दख्खनमध्ये चांदीच्या खाणींची अशी मोठी परंपरा नाही. त्यामुळे अनेक अभ्यासकांनी मांडलेला तर्क पटण्यासारखा आहे. रोमची चांदी बंदरावर उतरली, सरकारी टांकसाळीत वितळली आणि क्षत्रपाचं नाणं होऊन बाहेर पडली. दक्षिणेत रोमन नाणं तसंच, कधी त्यावर छोटी खूण ठोकून, धनाचा तुकडा म्हणून साठवलं गेलं, कारण तिथे चांदीचं राजमान्य नाणं पाडणारी अशी टांकसाळ नव्हती. इथे ती होती.

साधा हिशेब करून पाहा. नहपानाचं नाणं सव्वादोन ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. तीन देनारियस वितळवले तर साधारण पाच नाणी होतात. आपल्या पांढरीत मिळालेल्या क्षत्रप नाण्यात ऑगस्टसच्या नातवांची चांदी असू शकते, चेहरा मात्र वेगळ्याचा.

चेहऱ्याचा प्रवास

आता क्षत्रपाचं नाणं हातात घेऊ, कारण विदर्भात ‘रोमन’ म्हणून पुढे येणाऱ्या नाण्यांबद्दल पहिला संशय याच नाण्याचा घ्यायला हवा.

आकाराने ते देनारियसहून लहान, 14 ते 17 मिलिमीटर, आणि वजनाने जवळजवळ अर्धं. वजनाचा वारसा यवनांच्या त्या जुन्या द्राख्म्यांकडून आलेला आहे. पुढे राजाचा चेहरा, उजवीकडे पाहणारा. बहुतेकांना मिशी आहे, आणि रोमन सम्राटांच्या नाण्यांवर तुम्हाला अशी झुपकेदार मिशी दिसणार नाही. डोक्याला घट्ट बसलेली टोपी किंवा पट्टा. आणि चेहऱ्याभोवती अक्षरं, ग्रीक वळणाची. गोंधळ होतो तो या अक्षरांमुळे. दुरून पाहिलं तर ती रोमनच वाटतात.

नहपानाच्या नाण्यांवर या ग्रीक अक्षरांना अर्थ आहे. त्याचं नाव आणि बिरुद ग्रीक लिपीत लिहायचा तो प्रयत्न आहे. पुढच्या क्षत्रपांच्या ठसे कोरणाऱ्यांना ती लिपी येईनाशी झाली. तरी चेहऱ्याभोवती अक्षरं हवीत ही रीत पक्की झाली होती, म्हणून ते ओळीने उभ्या काड्या, गोल, अर्धगोल कोरत राहिले. वाचता येण्याजोगं असं त्यात काही उरलं नाही. नाण्याच्या कडेला ‘आय ओ आय आय ओ’ असं काहीतरी दिसत असेल आणि त्यातून एकही नाव निघत नसेल, तर ते रोमन असण्याची शक्यता जवळजवळ संपली.

नाणं उलटलं की उरलेली शंकाही जाते. नहपानाच्या नाण्यामागे बाण आणि वज्र आहे, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिप्यांत त्याचं नाव. त्यानंतरच्या कार्दमक क्षत्रपांच्या, म्हणजे चष्टनाच्या घराण्याच्या नाण्यांमागे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर आणि सूर्य, खाली नदीसारखी नागमोडी रेघ. भोवती ब्राह्मीत राजाचं नाव, आणि त्याच्या आधी बापाचं. अमुक राजा महाक्षत्रपाचा पुत्र तमुक राजा महाक्षत्रप, अशी पूर्ण ओळख. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून चेहऱ्यामागे शक संवताचं वर्षही आकड्यांत घातलेलं असतं. प्राचीन भारतात नाण्यावर वर्ष घालण्याची इतकी सलग शिस्त दुसऱ्या कुठल्या घराण्याने पाळलेली नाही. एका नाण्यावर बाप, मुलगा आणि वर्ष मिळत असल्यामुळे या घराण्याची वंशावळ जवळजवळ पूर्णपणे नाण्यांवरून मांडता आली.

हा चेहरा पुढे बराच फिरला. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला त्याचा पुरावा 1906 साली नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जोगळटेंभीला मिळाला. नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली आणि त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा ठोकलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी हा निधी तपासून प्रसिद्ध केला. नहपानाच्या नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, हेही त्यातून ठळकपणे पुढे आलं. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक सरळ, कुठे बाकदार. कोरणाऱ्यांपुढे रोमन नाण्यांचे नमुने असावेत, असा विचार तेव्हापासून मांडला गेला.

त्यानंतर वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशा सातवाहन राजांनी आपल्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली. यज्ञ सातकर्णीचं असं एक नाणं 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं. या नाण्यांमागे चार गोलांचं उज्जैन चिन्ह आणि कमानींचा डोंगर असतो, आणि दोन्ही बाजूंना ब्राह्मी लिपीच. एका बाजूला प्राकृत, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडची भाषा. ग्रीक वळणाची अक्षरं यांच्यावर नाहीत, म्हणून ही ओळखणं त्या मानाने सोपं.

चौथ्या शतकाच्या अखेरीस, पाचव्याच्या तोंडाशी, दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचं राज्य घेतलं. त्यांचंच नाणं पुढे चालवताना त्याने मागचा डोंगर काढून गरुड घातला. पुढचा चेहरा तसाच ठेवला, आणि त्याच्याभोवती त्या मोडक्या ग्रीक अक्षरांचे अवशेषही. या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भाच्या वाकाटक घराण्यात दिलेली होती. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याने वसवलेली राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं धाम नदीकाठचं पवनार, असं वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिलं. म्हणजे पवनार वसवणाऱ्या राजाच्या आजोबांनी जे चांदीचं नाणं पाडलं, त्यावरची अक्षरं ग्रीकांची नक्कल होती, चेहऱ्याची रीत क्षत्रपांची होती, आणि त्या रीतीमागे बहुधा रोमचे सम्राट उभे होते.

सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजानेही तीच परंपरा चालवली. पुढे चेहरा, मागे नंदी. ही नाणी नाशिक, सातारा, मुंबईपासून विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या धामोरीपर्यंत मिळाली आहेत. कृष्णराज गेल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, अंजनेरीच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटात ‘कृष्णराज रूपक’ हे चलन म्हणून येतं. ऑगस्टसपासून इथपर्यंत सातशे वर्षं. इतक्या काळात त्या चेहऱ्याचं नाक, टोपी, मिशी, अक्षरं सगळं बदललं, फक्त उजवीकडे पाहणं तेवढं कायम राहिलं.

चांदीतच हे घडलं असंही नाही. तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी, तेलंगणातलं कोंडापूर अशा ठिकाणी तिबेरियसच्या नाण्याच्या धर्तीवर केलेली मातीची पदकं मिळाली आहेत, गळ्यात घालायला केलेली. ज्यांना खरं नाणं परवडत नव्हतं त्यांनी मातीचं केलं. पुतळ्यांच्या माळेची हौस फार जुनी आहे.

हातात नाणं आलं तर

तेव्हा चेहऱ्याचं चांदीचं नाणं समोर आलं तर काय पाहायचं, याचा क्रम असा. आधी मागची बाजू. डोंगर, चंद्र आणि नागमोडी रेघ असेल तर क्षत्रप. चार गोलांचं चिन्ह असेल तर सातवाहन. गरुड असेल तर गुप्त, नंदी असेल तर कृष्णराज. बसलेली स्त्री किंवा ढाली घेतलेले दोन तरुण असतील तर मग रोमन म्हणायला जागा आहे. त्यानंतर वजन. गावातल्या सराफाच्या काट्यावर ते अगदी बिनचूक होतं. दोन-सव्वादोन ग्रॅम आणि पावणेचार ग्रॅम यांत गल्लत व्हायचं कारण नाही. त्यानंतर अक्षरं. वाचता येतात का, की नुसत्या काड्या आहेत? चेहरा सगळ्यात शेवटी.

आणि नाणं घासायचं नाही. राख, चिंच, लिंबू यांनी चांदी चकचकीत होते, पण कडेची अर्धी अक्षरं आणि चेहऱ्यामागचे बारीक आकडे त्यात झिजून जातात. क्षत्रप नाण्यावरचं शकवर्ष तर मुळात इतकं नाजूक असतं की एकदा घासलं की ते कायमचं गेलं. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, शेजारी पट्टी ठेवावी, आणि एका कागदावर गाव, शिवार, खोली, बरोबर काय मिळालं, हे लिहून ठेवावं.

हा कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे. राजाचं नाव नाणं स्वतःच सांगतं आणि टांकसाळ, धातू, वजन आजही मोजता येतं. पण ते कुठल्या गावच्या पांढरीतून आलं हे नाण्यावर लिहिलेलं नसतं. ते फक्त मिळवणाऱ्याच्या तोंडी असतं, आणि दोन हात बदलले की नाहीसं होतं.

पवनारची साक्ष

वर्धा जिल्ह्यात याचं जवळचं उदाहरण पवनारच आहे. 1938 मध्ये विनोबा पवनारला राहायला आले. आश्रमाच्या जमिनीत खोदताना तिथे राम-भरत भेटीचं शिल्प मिळालं आणि ते तिथेच ठेवलं गेलं. पवनारला मिळालेल्या अशा शिल्पांमध्ये मिराशींना प्रवरसेनाच्या काळचं राममंदिर दिसलं, आणि पवनार म्हणजेच प्रवरपूर या त्यांच्या म्हणण्याला आधार मिळाला. ती शिल्पं विकली गेली असती आणि कुठल्याशा संग्रहात ‘मध्य भारत, पाचवं शतक’ अशा चिठ्ठीसह पोचली असती, तर ती सुंदर शिल्पं म्हणून उरली असती. पवनारबद्दल मात्र ती काही बोलू शकली नसती. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली पवनारला उत्खनन केलं, तेव्हा या जागेचा काळाचा पट थरांतून स्पष्ट झाला.

नाण्यांच्या बाबतीत पवनारने आणखी एक काम केलं. वाकाटकांनी नाणी पाडलीच नाहीत, असं बराच काळ मानलं जात असे. इतकं मोठं राज्य, अजिंठ्याच्या लेण्यांना आश्रय देणारं घराणं, आणि स्वतःचं नाणं नाही, हे कोडंच होतं. पुढे पवनार आणि आसपास मिळालेली तांब्याची बारीक नाणी अजय मित्र शास्त्री आणि इतर अभ्यासकांनी वाकाटकांची म्हणून मांडली. सगळ्यांना ते सारखंच मान्य झालेलं नाही. पण या मांडणीचा एक मोठा आधार ही नाणी वाकाटकांच्या राजधानीच्या परिसरात मिळतात हाच आहे. दोन बोटांत मावणाऱ्या, धड काही न लिहिलेल्या तांब्याच्या तुकड्यांना घराण्याचं नाव मिळालं ते त्यांच्या गावामुळे.

विदर्भातलं दुसरं उदाहरण तऱ्हाळ्याचं. 1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या या गावी सातवाहनांच्या पोटिन, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रधातूच्या, सुमारे दीड हजार नाण्यांचा निधी मिळाला. तो अभ्यासकांपर्यंत पोचला. मिराशींनी त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशा राजांची नावं वाचली, जी पुराणांच्या यादीत नव्हती. हा निधी भंगारात गेला असता तर त्या राजांना विचारणारं कुणी नव्हतं. पोटिनला बाजारात भाव नाही, म्हणून कदाचित ती नाणी वाचली. चांदीला भाव आहे, आणि चांदीच्या नाण्याला खरा धोका तिथूनच आहे.

याबाबत कायदा आहे. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर मिळवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं. काय मिळालं, साधारण किती, कुठे मिळालं आणि कोणत्या तारखेला, हे सगळं त्या सूचनेत असावं. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी हा कायदा लिहिणाऱ्यांनी जागा आणि तारीख मागितली, हे महत्त्वाचं आहे. न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. आणि सरकारने वस्तू ठेवून घेतली तर हक्कदारांना मूळ कायद्याप्रमाणे मिळतं ते धातूचं मोल, अधिक त्या मोलाचा पाचवा हिस्सा.

या शेवटच्या वाक्यात सगळी अडचण आहे. चार ग्रॅम चांदीचं मोल किती, आणि त्यावर वीस टक्के किती? तेवढ्यासाठी शेतकऱ्याने रोज बुडवून जिल्ह्याच्या गावी जायचं, अर्ज करायचा, चौकशीला तोंड द्यायचं, शेत खोदायला माणसं येतील की काय या धास्तीत राहायचं. त्यापेक्षा सराफ जवळचा, आणि फिरता खरेदीदार त्याहून जवळचा. तो रोख देतो आणि काही विचारत नाही. पुढे तेच नाणं मोठ्या शहरात ‘दुर्मिळ’ म्हणून विकलं जातं, पण त्याच्या पाकिटावर गावाचं नाव नसतं. असलं तर विकणाऱ्याच्या सोयीचं असतं.

असं नाणं रोमन निघो की क्षत्रप, इतिहासाच्या दृष्टीने ते मुकं झालेलं असतं. विदर्भात रोमची चांदी कोणत्या वाटेने आली? भडोचकडून भोकरदनमार्गे की तेरकडून उत्तरेला? क्षत्रपांचा अंमल इथवर पोचला नव्हता तेव्हाही त्यांचं नाणं इथल्या बाजारात का चाललं? छिंदवाड्याजवळच्या सोनपूरला त्यांच्या सहाशेहून जास्त नाण्यांचा निधी मिळाला, म्हणजे सातपुड्याच्या या बाजूला ती साठवण्याइतकी विश्वासाची होती. मग वर्धा नदीच्या खोऱ्यात काय चित्र होतं? या प्रश्नांची उत्तरं एखाद्या सुंदर नाण्यातून मिळणार नाहीत. नकाशावर गावोगावचे ठिपके पडले तर मिळतील. प्रत्येक ठिपक्यासाठी एक नाणं आणि एक खरं गाव लागतं.

म्हणून नाणं कळवणाऱ्याला धातूच्या भावाऐवजी नाण्याच्या मोलाने मोबदला मिळायला हवा आणि कळवण्याची वाट तालुक्याच्या ठिकाणापर्यंत सोपी व्हायला हवी. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, लोकांचा अजबबंगला, 1863 पासून उभा आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. ओळख पटवून देणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्यापर्यंत नाणं गावाच्या नावासकट पोचवणारी साखळी तेवढी नाही. तोवर शाळेतल्या शिक्षकाने, सरपंचाने, ग्रामसेवकाने एवढं केलं तरी पुष्कळ आहे. ‘हे रोमन आहे का?’ असं कुणी विचारत आलं, तर आधी विचारावं, ‘कुठल्या शिवारात मिळालं?’ आणि उत्तर लिहून ठेवावं.